आधी पाणी, मग गाव

आतिथ्य या विषयावर आमच्या अंकासाठी काही लिहाल का, अशी पृच्छा संपादकांनी गेल्या मार्गशीर्षात केली तेव्हा त्यांच्या मनात कोकणातले फणसाचे गरे किंवा कोल्हापूरकडला तांबडा-पांढरा रस्सा असावा, अशी मला दाट शंका आली. आणि मी बीड जिल्ह्यात जातो असे सांगताच दूरध्वनीच्या पलीकडे जी घटकाभर स्तब्धता पसरली तिने ती शंका पक्की केली. वर्तमानपत्रांच्या वाचकाला बीडचे नाव भेटते ते दुष्काळाच्या, ऊसतोडीच्या किंवा राजकीय तंट्यांच्या बातमीत. परंतु भरल्या घरी पाहुण्याचे स्वागत होते यात नवल ते कोणते? ज्या मुलखात पाणी मापून वापरावे लागते आणि जेथील लाखो माणसे वर्षाचे पाच-सहा महिने स्वतःच्याच घरी नसतात, तेथे दारात आलेल्या माणसाचे काय होते, हे मला पाहावयाचे होते.

मग वर्षभरात जमेल तसा चार वेळा गेलो. प्रत्येक खेपेला ओळखीच्या माणसांची यादी खिशात होती, आणि प्रत्येक खेपेला ती यादी निरुपयोगी ठरली, कारण ज्यांच्या घरी जेवलो ती माणसे बहुतेक त्या यादीबाहेरचीच निघाली.

ढेळज

बालाघाटच्या डोंगररांगेने बीड जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेस गोदावरीच्या अंगाने गेवराई, माजलगावची काळी सखल जमीन, तर वरच्या अंगाला पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर यांची मुरमाड, उतरती माळराने, ज्यांवर सीताफळ न लावता येते आणि माणसाने लावलेले मात्र पुष्कळदा येत नाही. पाटोदा तालुक्यातील अशाच एका उतारावरच्या गावात ज्येष्ठातल्या दुपारी मी वाट चुकून एका दारासमोर थांबलो. आत कोणी म्हातारी तांदूळ निवडीत होती. तिने मान वर करून पाहिले, उठली, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून समोर ठेवला आणि म्हणाली, “आधी पानी घ्या. मंग बोला.” पाणी पिऊन होईतो तिने एक प्रश्नही विचारला नाही. त्यानंतर, पदराने कपाळ पुसत, “कुण्या गावचं पाव्हणं?”

मी जेथे बसलो होतो त्या जागेला ढेळज म्हणतात. दगड-पांढरीच्या जुन्या माळवदी घराचा दरवाजा ओलांडला की दोन्ही अंगांना जे उंच कट्टे लागतात, तीच ढेळज. आणि पाहुणचाराच्या शास्त्रात या वास्तुविशेषाइतकी शहाणी गोष्ट दुसरी नसावी, असे माझे मत तेथे बसल्या बसल्या झाले. ढेळजेत बसलेला माणूस घरात असतो आणि नसतोही. त्याला सावली मिळते, घोंगडीवर टेकता येते, पायताण काढावे की नाही या विवंचनेत पडावे लागत नाही. आणि आतल्या माणसांची कामे त्याच्या येण्याने खोळंबत नाहीत. घरातले एखादे पोर कट्ट्यावरून डोकावते, डोकी मोजते आणि आत जाऊन आकडा सांगते. तेवढ्या बातमीवर चुलीपाशी भाकरींचा हिशेब फिरतो. यजमान पाहुण्याला “जेवणार ना?” असे विचारीतच नाही, कारण त्या प्रश्नाला सभ्य माणसाजवळ “नको” हे एकच उत्तर असते, तो पाऊसपाण्याच्या, बाजारभावाच्या गोष्टी लांबवीत राहतो आणि तेवढ्यात ताट येते.

नव्या सिमेंटच्या घरांत ढेळज नाही. दरवाजा उघडला की थेट हॉल. त्यात सोफा, दूरदर्शनसंच आणि शिकवणीचा अभ्यास करणारी मुले. तेथे पाहुणा शिरला की सगळे घर उभे राहते, आणि सगळे घर उभे राहिले की पाहुण्याला बसवत नाही. केज तालुक्यातील एका नव्या घरात सोफ्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण दोन वर्षांनंतरही निघालेले नव्हते. घरधनी आल्यागेल्याला घेऊन बसत ते अंगणातल्या लिंबाखालच्या बाजेवर. ढेळज पाडली, पण तिची जागा त्यांनी झाडाखाली परत मिळविली होती.

भाकरीचे गणित

ढेळजेतल्या पाहुणचाराचा हा सैलपणा केवळ स्वभावाचा नाही, तो अन्नाचाही आहे. रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरतात आणि पुढे काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर, प्रायः पावसाविना, ती माघ-फाल्गुनात काढणीला येते. मालदांडीचे ते टपोरे, मोत्यासारखे दाणे घरात आले की पूर्वी भिंतीतल्या बळदात किंवा जमिनीतल्या पेवात साठवीत. आता पत्र्याच्या कोठ्या आल्या. पीठ घरात असते, चूल पेटलेली असते आणि भाकरी एकेक करूनच थापावी लागते. म्हणजे माणूस वाढला की एक भाकरी वाढते, आधी काही भिजवावे, आंबवावे, तिंबून ठेवावे लागत नाही. पिठल्यात तांब्याभर पाणी आणि मूठभर बेसन अधिक पडले की चौघांचे सहा जणांना पुरते. शेंगदाण्याचा ठेचा तर पाट्यावर असतोच. पुरणपोळीचे तसे नाही. तिला डाळ शिजवावी लागते, पुरण वाटावे लागते, म्हणून तिचा पाहुणा सांगून यावा लागतो.

आणि सांगून येणारा पाहुणा म्हटला की जावई आठवतो. दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो, ज्याला गावाकडे धोंड्याचा महिना म्हणतात, तेव्हा जावयाला मूळ धाडून बोलावतात. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, अंगावर कापड, आणि ऐपत असेल तर, व नसेल तरीही, सोन्याचा मणी. गेल्या अधिक मासाचे देणे अजून फेडतो आहोत, असे सांगणारे दोन सासरे मला एकाच एस. टी. थांब्यावर भेटले. येथे आदर आहे, थाट आहे, पण सैलपणा नाही. जावईबापू पाटावर अवघडलेले आणि सासूबाई दाराआड. वाट चुकलेल्या माणसाला जे सहज मिळते ते जावयाला मिळत नाही, ही गंमत आपल्या समाजशास्त्रज्ञांच्या ध्यानात आली आहे की नाही, नकळे.

कंदुरीचा प्रकार याच्या नेमका उलट. नवस पिराचा, नवस करणारा बहुधा हिंदू शेतकरी, बोकड त्याचा, ज्वारीच्या भाकरी गावभरच्या. आणि आमंत्रण म्हणजे ‘कंदुरी आहे, या’ एवढा तोंडी निरोप, जो ऐकणाऱ्याने पुढच्याला सांगावा असा रिवाज. हा शब्दच फारसीतून आलेला आणि निजामी अमदानीत मुलखाच्या जिभेवर रुळलेला. अशा एका पंगतीत मी कोणाचा पाहुणा, हे मला शेवटपर्यंत कळले नाही आणि इतर कोणालाही ते कळून घेण्याची निकड वाटली नाही. रस्सा मात्र असा जहाल होता की संध्याकाळपर्यंत मी कोणाशी फारसे बोललो नाही.

हक्काचा पाहुणा

पाहुणा या शब्दाचे मूळ संस्कृतातील प्राघूर्णक. अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो. परंतु या मुलखाने तिसऱ्या जातीचा एक पाहुणा दीर्घकाळ सोसला आहे, ज्याची तिथी ठरलेली असे आणि जो न बोलावता येई. हा मुलूख ज्यात होता ते हैदराबाद संस्थान १९४८च्या सप्टेंबरात खालसा झाले तोवर तालुक्याचा अंमलदार दौऱ्यावर निघाला की मुक्कामाच्या गावाला त्याच्या घोड्याच्या चंदीपासून दूध-कोंबडीपर्यंतची रसद पुरवावी लागे. तंबू ठोकणे, पाणी भरणे, सरपण आणणे ही वेठ कोणाच्या माथी मारावयाची हे पाटील-पटवाऱ्यांच्या हाती, आणि ती बहुतेक वेळा महारवाड्याच्याच माथी येई. त्याच काळात, मुक्तिसंग्रामाच्या धामधुमीत, रात्री मागल्या दाराने येऊन भाकर खाऊन पहाटेपूर्वी निघून जाणारे भूमिगत कार्यकर्तेही होते. एकाच चुलीने दोघांनाही वाढले. फरक इतकाच की पहिल्याचे नाव गावाला ठाऊक असे आणि दुसऱ्याचे नाव, ठाऊक असले तरी, कोणी उच्चारीत नसे.

आणि वेठीची गोष्ट निघाली म्हणजे पाण्याची काढावीच लागते. आधी पाणी, मग गाव, हा क्रम पाहून मी भारावलो खरा, पण पाटोद्याजवळच्याच एका निवृत्त शिक्षकांनी मला शांतपणे भानावर आणले. त्यांच्या लहानपणी क्रम उलटा होता. आधी गाव विचारीत, मग आडनाव, मग कोणाकडे आला ते. आणि त्या उत्तरांवरून ठरे की पाणी तांब्यात द्यावयाचे की वरून ओंजळीत ओतावयाचे, चहा घरातल्या कपातून की वळचणीला खोचलेल्या वेगळ्या कपातून. “गाव विचारनं म्हंजी जात विचारनंच होतं,” ते म्हणाले. ते स्वतः ज्या वस्तीत वाढले तिच्या वाट्याला तो वळचणीचा कप आला होता. आता तो कप कोठे दिसत नाही. पण अमक्याच्या घरी चहा चालतो आणि जेवण चालत नाही, अशी न सांगितलेली सरहद्द काही घरांत आजही आहे, हे त्यांनी मला दोन उदाहरणांनी पटविले आणि ती उदाहरणे लिहू नका म्हणून बजावले. म्हातारीने मला न विचारता पाणी दिले याचे मोल मला त्या संध्याकाळी कळले.

नाथांची पालखी

ज्येष्ठाच्या वद्य पक्षात पैठणहून एकनाथमहाराजांची पालखी निघते आणि शेवगाव-पाथर्डीचा मुलूख ओलांडून शिरूर कासार व पाटोदा तालुक्यांतून पंढरीकडे जाते. उत्तरेकडून, गेवराईच्या वाटेने, मुक्ताबाईंची पालखी बीड शहरात येते. तेथे तिच्या आजोबांची, गोविंदपंतांची समाधी आहे अशी वारकऱ्यांची श्रद्धा असल्याने, नात आजोळी नव्हे पण आजोबांच्या घरी आली, अशा भावाने तिचे स्वागत होते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईच्या अंगाने जाते. म्हणजे आषाढीपूर्वीच्या त्या तीन आठवड्यांत, जेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि पेरणीसाठी काढलेल्या कर्जाचा पैसा बियाण्यात अडकलेला असतो, नेमक्या तेव्हा या जिल्ह्याकडे हजारो पाहुणे येतात.

रायमोह्याच्या बाजूला एका गावी मी नाथांच्या पालखीच्या आदल्या दिवशी पोहोचलो. कोणती दिंडी कोणाकडे, याची वाटणी ठरवायला कोणी बसले असेल, अशी माझी समजूत. पण वाटणी पिढ्यांपूर्वीच झालेली असते. अमुक दिंडी अमुक वाड्यात उतरते, ती आजोबांपासून. घरात सुतक आले तर ती दिंडी भावकीत जाते, पण तात्पुरती, आणि पुढच्या वर्षी परत मागून घ्यावी लागते. त्या परतीवरून दोन सख्ख्या चुलत भावांत अबोला असल्याचे मला दोघांनीही स्वतंत्रपणे, आणि आपापली बाजू न्याय्य असल्याच्या खात्रीने, सांगितले. पाहुणे कोणाच्या गळ्यात घालावे यावरून भांडणारी कुटुंबे मी शहरात पाहिली होती. पाहुणे आपल्याकडून नेले म्हणून भांडणारी येथे पाहिली.

व्यवस्था साधी असते. टँकर आदल्या रात्रीच येऊन हौद भरून जातो. अंगणात तीन दगडांवर हंडा चढतो, त्यातले ऊन पाणी मीठ घालून पायांसाठी. खोबरेल तेलाची वाटी उंबऱ्यावर. विणेकरी आणि म्हातारी माणसे आत, तरुण मंडळी शाळेच्या पडवीत. जेवण पुरणाचे असते, कारण हा पाहुणा सांगून येणारा. पण ओशाळेपण कोणाकडेच नसते, कारण वाढणारा आणि जेवणारा दोघेही एकमेकांना माउली म्हणत एकमेकांच्या पाया पडत असतात, आणि जेथे दोघेही वाकलेले असतात तेथे उपकार कोणाचा कोणावर, हे ठरविण्यास उभा कोणी उरत नाही.

ज्यांची ही पालखी, त्या नाथांच्या चरित्रात पाहुण्यांच्याच कथा फार. श्राद्धासाठी रांधलेल्या अन्नाचा सुवास भुकेल्या महारांना आला म्हणून ते अन्न नाथांनी ब्राह्मणांआधी त्यांना वाढले आणि पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतला, ही कथा प्रत्येक कीर्तनकार सांगतो. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने कावडीने पाणी भरले, ही त्याहून लाडकी. पैठणच्या त्या रांजणात आजही नाथषष्ठीला पाणी घालतात. नाथांनी देह ठेवला १५९९ साली. आणि पंढरीच्या देवळाचे दार सर्वांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना उपोषणास बसावे लागले १९४७ साली. मधल्या साडेतीनशे वर्षांत या वाटेने पालखी जात होती, हीच कथा कीर्तनात सांगितली जात होती, आणि वळचणीचा कपही जागच्या जागी होता. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण हंड्यातल्या पाण्याइतकेच तेही त्या वाटेवरचे आहे.

पंगत उठल्यावर घरातल्या बायका जेवायला बसल्या तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पहाटे तीनपासून त्या उभ्या. यजमानांचे आतिथ्य कसे अघळपघळ, असे मी मघापासून लिहितो आहे. त्या अघळपघळपणाची किंमत कोणाच्या कमरेने मोजली जाते हे त्या पंगतीत कळत होते. त्यांतल्या थोरल्या सुनेला मी भीतभीतच विचारले, की हे ओझे वाटत नाही का? तिने आधी भाकरीचा घास संपविला. “वझं रोजच्याचं असतं,” ती म्हणाली. “आज निदान चार मानसं जेवलं का म्हून इचारत्यात.”

येळवस

जिल्ह्याच्या आग्नेय अंगाला, अंबाजोगाई-परळीकडे, लातूरचा वारा लागतो आणि मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते. वेळ अमावास्येचे हे गावठी नाव, आणि सणाचा सांधा शेजारच्या कन्नड मुलखाशी. त्या दिवशी पाहुण्याला घरी बोलावीत नाहीत. घरच उचलून शेतात नेतात. कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आणि घोंगडीत गुंडाळलेली आंबिलाची बिंदगी डोक्यावरून येते. ताकात ज्वारीचे पीठ कालवून आंबवलेले ते आंबील, तुरीचे ओले दाणे, हरभरा आणि रानातल्या झाडून साऱ्या पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. पूजा होते, उभ्या पिकात आंबील शिंपतात आणि मग बांधावर उभे राहून वाटेने जाणाऱ्याला हाका मारावयास सुरुवात होते.

अंबाजोगाईच्या ज्या बँक-कर्मचाऱ्यासोबत मी गेलो होतो त्याला जमीन नाही. पण त्याला त्या सकाळी सात शेतांची निमंत्रणे होती आणि कोठेही नकार देणे अशक्य असल्यामुळे तो प्रत्येक कोपीत दोन घास खाण्याचा संकल्प करून निघाला होता. तिसऱ्या शेतात संकल्प मोडला. बिनशेतीच्या माणसाला या दिवशी गावात एकटे राहू द्यावयाचे नाही, एवढा एक दंडक मी सर्वांच्या तोंडी ऐकला. दुपारी कोपीच्या सावलीत सगळे आडवे झाले आणि यजमानही पाहुण्यांच्या रांगेतच घोरू लागले.

कोपी आणि किल्ली

कोप हा शब्द त्यानंतर महिनाभरात मला दुसऱ्या ठिकाणी भेटला. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी बीडची जोडपी कृष्णाकाठच्या उसाच्या फडांवर आणि पार कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. फडाजवळ बांबूच्या कामट्यांवर पाचट, आणि आता प्लॅस्टिकचे कापड टाकून जी खोपटी उभी करतात तिला म्हणतात कोपी. पौषातल्या एका संध्याकाळी सांगली जिल्ह्यात अशा तळावर गेलो. बाई मोळ्या वाहून नुकतीच आली होती. पहाटे चारला पुन्हा निघावयाचे होते. तिने कॅनमधले पाणी, जे अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून येत होते, तांब्यात ओतून दिले. नवऱ्याने बसायला बादली पालथी घातली. कोरा चहा झाला. मग गाव विचारले गेले. मी बीडकडून फिरून आलो हे ऐकून दोघांचेही चेहरे पालटले, आणि शिरूर कासार तालुक्यातल्या आपल्या गावाचे नाव सांगून ती म्हणाली, “गावाकडं या. हितं कसलं घर?”

मी गेलो. ती माणसे नाहीत हे ठाऊक असून, हंगाम सरण्यापूर्वीच गेलो; रिकाम्या गावात पाहुण्याचे काय होते ते पाहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नव्हता. एका गल्लीत सलग नऊ दारांना कुलपे होती. पारावर म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडे. मी सांगितलेल्या नावाचे घर एका पोराने दाखविले आणि ते धावत शेजारच्या घरात गेले. तेथून एक आजीबाई आल्या, पदराची गाठ सोडून त्यांनी किल्ली काढली, कुलूप उघडले, ढेळजेवरची महिन्या-दोन महिन्यांची धूळ केरसुणीने झाडली आणि आपल्या घरची घोंगडी आणून तेथे अंथरली. तुमच्याच दारात बसतो की, मी म्हणालो. “आसं कसं?” त्या म्हणाल्या. “पाव्हणं त्यांचं हाये. बसायचं त्यांच्याच ढेळजंत.”

नातू तांब्या घेऊन आला. पाणी पिऊन होईतो आजीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मग खाली बसत त्यांनी विचारले, “कुण्या गावचं?”